भिंतीवरचे फोटो

आपल्या घरात भिंतीवर काय काय असतं? देवाची तसबीर असते. लग्नातला फोटो असतो. मुलगा पलटणीत असला, तर त्याचाही असतो. काही घरी एकाच मोठ्या चौकटीत दहा-बारा लहान फोटो बसवलेले असतात. जुन्या माणसांचा तर उभ्या जन्मात एखादाच फोटो निघालेला. तो गेला की गेला.

माझ्या आजोबांचा एकच फोटो होता. पावसाची झड बसते त्या भिंतीला तो टेकून टांगला होता. भिंतीला ओल आली. फोटो काचेला चिकटला. मी तो ओढून काढायला गेलो. आजोबांचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला.

असं का होतं? जुन्या फोटोच्या कागदावर सरसाच्या जातीचा पातळ थर असतो. चित्र त्या थरातच असतं. ओल लागली की सरस फुगतो, चिकट होतो. सुतारदादांना विचारा. म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये कडेने जाड पुठ्ठ्याची पट्टी घालायला सांगावी. चिकटलेला फोटो मात्र ओढू नका. काचेसकट तसाच ठेवा आणि वरूनच मोबाइलवर उतरवून घ्या.

आता भिंत निवडा. घराच्या आतली, कोरडी भिंत चांगली. मोरीची नको, चुलीजवळची नको. ऊन येतं तीही नको. देवांची रंगीत चित्रं छापणारा राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला. तसली जुनी चित्रं अजून काही घरांत आहेत. पण उन्हात कोणताही रंग फिका पडतो, मग चित्र कितीही चांगलं असो.

खिळा ठोकायची घाई करू नका. आधी सगळ्या चौकटी जमिनीवर घोंगडीवर मांडा. मोठी मधे, लहान तिच्या भोवती. दोहोंमध्ये चार बोटं जागा सोडा. मांडणी मनाला येईपर्यंत हलवाहलव करा. घरात वाद होईल, होऊ द्या! मग भिंतीवर गेरूत भिजवलेला दोरा दोघांनी ताणून धरावा आणि टिचकी मारावी. सरळ रेघ उमटते.

फार उंच लावू नका. आढ्याखाली टांगलेला फोटो म्हाताऱ्या आजीला कसा दिसायचा? उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर यावा. मात्र निजायच्या जागेवर काच टांगू नये.

मातीच्या भिंतीत नुसता खिळा धरत नाही. भोक पाडून लाकडाची खुंटी घट्ट ठोकावी आणि खिळा तिच्यात मारावा. सुतळी उंदीर कुरतडतो, तार बरी. जड चौकटीला दोन खिळे द्या, म्हणजे ती वाकडी होत नाही. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना लाकडाचे लहान तुकडे लावा. त्यामुळे चौकट भिंतीला टेकत नाही, मागून वारा खेळतो. काचेवर गंध लावताना पाणी चौकटीत ओघळू देऊ नका.

टांगण्याआधी एक काम राहिलं. मागच्या पुठ्ठ्यावर माणसाचं नाव, गाव आणि साल लिहा. आता तुम्हाला लिहिता येतं. आजीला विचारून आजच लिहा, कारण कडेला उभा असलेला तो मुलगा कोण, हे तिलाच ठाऊक आहे. पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने फुटते.