व्हिएतनाममध्ये वय विचारण्याची रीत

हनोईत दोन माणसांची नव्याने ओळख झाली की चार वाक्यांच्या आत बोलणे वयावर येते. बाहेरच्याला हा भोचकपणा वाटतो. पण समोरच्याचे वय कळल्याशिवाय व्हिएतनामी माणसाला त्याच्याशी मोकळेपणाने बोलताच येत नाही. 'मी' आणि 'तुम्ही' यांच्या जागी ही भाषा नात्याचे शब्द वापरते. आपल्याहून थोडा मोठा पुरुष 'आन' म्हणजे दादा, स्त्री असेल तर 'चि' म्हणजे ताई, आणि धाकटा किंवा धाकटी कोणीही असो, 'एम'. वडिलांहून लहान गृहस्थ 'चू', वडिलांहून मोठा 'बाक', आजोबांच्या वयाचा 'ओंग'. स्वतःचा उल्लेखही त्याच नात्याने करायचा. ताईशी बोलणारा स्वतःला 'एम' म्हणतो, काकांशी बोलणारा 'चाऊ', म्हणजे पुतण्या. 'तोय' हा तटस्थ 'मी' आहे खरा, पण ओळखीपाळखीत तो कोरडा वाटतो. हो ची मिन्ह यांना तिथे आजही 'बाक हो', म्हणजे हो नावाचे थोरले काका, असेच म्हणतात.

खरी अडचण पुढेच आहे. 'तुमचे वय किती?' असे विचारायला वाक्यात 'तुम्ही' हवे, आणि त्यासाठी कोणता शब्द घ्यायचा हे वयावरच ठरते! त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला आधी अंदाज बांधावा लागतो. माणूस बरोबरीचा दिसला तर त्याला मोठा धरायचे आणि धाकटेपण आपल्याकडे घ्यायचे, हा सभ्यतेचा जुना दंडक. मात्र मान देण्याच्या भरात तिशीतल्या बाईला 'बा', म्हणजे आजी, म्हटले तर ती दुखावणारच.

प्रश्नाचे शब्दही वयाप्रमाणे बदलतात. साधारण दहाच्या आतल्या मुलाला 'मेय तुओय?' विचारतात, मोठ्यांसाठी 'किती'चा शब्दच वेगळा, 'बाओ न्यिउ'. शेवटी आदराचा 'आ' लावला की प्रश्न मऊ होतो. मला सर्वांत सुंदर वाटते ती अतिवृद्धांची रीत. त्यांच्या प्रश्नात 'थो' हा दीर्घायुष्याचा शब्द घालतात, म्हणजे वय विचारता विचारता अभिनंदनही होते.

समवयस्कांत थेट वयाऐवजी जन्मसाल विचारणे सोयीचे. 'चि सिन नाम बाओ न्यिउ आ?' म्हणजे 'ताई, तुमचे जन्मसाल कोणते?' उत्तरात बहुधा शेवटचे दोनच आकडे येतात: 'ब्याण्णव.' विचारणारा पंचाण्णवचा असेल तर हिशेब तिथेच मिटतो, तो 'एम' आणि ती 'चि'. हे नाते बहुधा आयुष्यभर टिकते. सत्तरीतला 'एम'ही एमच राहतो.

जन्मसालाला पसंती मिळण्याचे आणखी एक कारण आहे. व्हिएतनाममध्ये वय दोन प्रकारे मोजतात. 'तुओय मु' या पारंपरिक मोजणीत बाळ जन्मतःच एक वर्षाचे असते आणि तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, आले की सगळ्यांचेच वय एकदम वाढते. तेतच्या आदल्या दिवशी जन्मलेले मूल दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचे! आपल्याकडे 'पोराला पाचवे लागले' म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारी ही पद्धत. सरकारी कागदपत्रांवर मात्र पूर्ण झालेली वर्षेच मोजतात.

काही जण राशीचा प्राणी विचारतात. बारा प्राण्यांचे चक्र बारा वर्षांनी फिरून येते, त्यामुळे उत्तर कळले की चेहरा पाहून वय काढता येते. आकडा तोंडाने सांगावा लागत नाही. चीनमध्ये ज्या वर्षी ससा असतो, त्या वर्षी व्हिएतनाममध्ये मांजर असते. प्राण्यावरून साल ओळखण्यात एक खाच आहे. १९८८ हे ड्रॅगनचे वर्ष, पण तेत त्या वर्षी फेब्रुवारीत आला. म्हणून जानेवारी १९८८ मध्ये जन्मलेला माणूस ड्रॅगनचा नव्हे, मांजराचा.

म्हातारपण तिथे लपवायची गोष्ट नाही. सत्तरी, ऐंशी, नव्वदी गाठलेल्यांचा तेतच्या सुमारास 'मुंग थो' नावाचा सत्कार होतो. २००९ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने तर शंभरी गाठणाऱ्याला थेट राष्ट्राध्यक्षांच्या शुभेच्छा आणि भेटवस्तू मिळते.

व्हिएतनामला जाणार असाल तर वयाच्या प्रश्नाने कानकोंडे होऊ नका. कोणी विचारण्याआधीच आपले जन्मसाल सांगून टाका. समोरचा माणूस लगेच तुम्हाला योग्य नात्याने हाक मारू लागेल.