धारणीची वाट आणि वेळेचा हिशेब

परतवाड्याहून सुटलेली धारणीची गाडी घटांगच्या घाटाला लागली की वेळापत्रकाचा अंमल संपतो. एकामागून एक वळणे, अरुंद रस्ता आणि समोरून मध्य प्रदेशातून येणारे मालट्रक. त्यांतला एखादा चढावर बंद पडला की दोन्ही अंगांना रांगा लागतात. पुढे जाण्यास वाव नसतो, गाडी मागे वळविण्यासही नसतो. अमरावती ते धारणी हे अंतर सुमारे 150 किलोमीटर; पैकी परतवाड्यापुढची सेमाडोह-हरिसालची वाट बहुतांशी जंगलातून जाते. या वाटेवर रोज किंवा दर सोमवारी प्रवास करणाऱ्या शिक्षक-कारकुनांच्या वर्गाला वऱ्हाडात ‘अपडाउनवाले’ असे म्हणतात. त्या शब्दात सहानुभूतीपेक्षा टोमणाच अधिक असतो.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1965 मध्ये वेळेच्या विनियोगाचा सिद्धान्त मांडला. वेळ हेही दुर्मीळ साधन असून प्रत्येक तासाला किंमत असते, हे त्याचे सार. परंतु ती किंमत कोण मोजतो, हा प्रश्न धारणीच्या वाटेवर निराळे रूप घेतो. घाटात अर्धा तास अडकलेला शिक्षक आपला अर्धा तास गमावतो. त्याच्या वर्गात तीस मुले असतील तर त्यांचे मिळून पंधरा तास बुडतात. तालुका कचेरीतील कारकून दुपारी पोहोचला, तर दाखल्यासाठी दूरच्या पाड्यावरून पायी आलेल्या कोरकू माणसाची त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणजे रस्त्याच्या खोळंब्याचा मोठा वाटा गाडीत नसलेल्या माणसांकडून वसूल होतो, आणि तो कोणत्याही खात्याच्या हिशेबात दिसत नाही.

उशीर भरून काढण्याची घाई या वाटेवर परवडणारी नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सेमाडोहनजीक एक खासगी प्रवासी बस कोसळून प्रवासी मृत्युमुखी पडले, ही आठवण अद्याप ताजी आहे.

रस्ता रुंद करा, ही मागणी स्वाभाविक आहे. मात्र 1973-74 मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प स्थापन झाले त्यांत मेळघाट होता. येथे प्रत्येक मीटर रुंदीचा हिशेब जंगलाशी करावा लागतो. रेल्वेची गोष्टही तशीच. तालुक्यातील धूळघाटवरून धावणारी अकोला-खांडवा मीटरगेज गाडी 2017 च्या आरंभी बंद झाली. अकोल्याहून अकोटपर्यंत 2022 मध्ये ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. अकोटपुढचा जंगलातील मार्ग मात्र वाघांच्या अधिवासाच्या वादात सापडला.

मग कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, हा शासनाचा सोपा उपाय उरतो. त्यासाठी 2019 मध्ये ग्रामविकास विभागाने ग्रामसभेचा ठराव मागण्यास प्रारंभ केला. ठरावाने घर उभे राहत नाही! शिक्षकाला पाड्यावर बरी खोली भाड्याने मिळत नाही, मुलगी दहावीनंतर कोठे शिकेल याचे उत्तर नसते, आणि आजारपणात डॉक्टरसाठी त्याच घाटाने खाली उतरावे लागते. अशा स्थितीत कागदावर मुख्यालयी आणि प्रत्यक्षात परतवाड्यास राहणे, ही लबाडी असली तरी तिच्यामागे व्यवहाराचे गणित आहे. अर्थात गावात राहून नोकरी करणारेही आहेत; घरभाडे भत्ता मात्र दोघांनाही सारखाच मिळतो, हे त्या गणितातले सर्वांत विपरीत कलम होय.

हा भत्ता गावोगाव निवासस्थाने बांधण्याकडे वळवावा, अशी सूचना कोणी केली तर कर्मचारी संघटना रागावतील. निदान प्रत्यक्ष राहणाऱ्यास अधिक आणि न राहणाऱ्यास कमी, एवढा भेद तरी करता येईल. आणि निवासस्थाने होईपर्यंत परतवाड्याच्या पहाटेच्या गाडीवर सारा तालुका टांगून ठेवण्यापेक्षा धारणीहून मोठ्या गावांना मुक्कामी एस.टी. वाढवाव्यात. रात्री गावात थांबलेली गाडी सकाळी घाट न उतरता शाळेच्या आणि कचेरीच्या वेळेत धारणीस पोहोचते. तीत शिक्षकाबरोबर दाखल्यासाठी निघालेला कोरकूही बसू शकतो.