मोटारीवाचून माथेरान

सुट्टी जवळ आली, की घरोघरी सहलीचे बेत होऊ लागतात. त्या वेळी पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : मोटार कोणाची घ्यायची? मोटार मिळाली तर सहल, नाही तर घरी बसणे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वास्तविक अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत राहणाऱ्यांना आगगाडी हाकेच्या अंतरावर आहे. आणि त्याच आगगाडीने गेल्यास जेथे मोटारीला मुळी प्रवेशच नाही, अशा एका गावी पोहोचता येते. ते गाव म्हणजे रायगड जिल्ह्यातील माथेरान.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील या डोंगरात ठाकूर, कातकरी व धनगर यांचा वावर पूर्वापार होता. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे येथे चढून आले आणि त्यानंतर हळूहळू येथे थंड हवेचे ठिकाण वसले. डोंगराच्या पायथ्याच्या नेरळ गावापर्यंत लोहमार्ग १८५६ साली पोहोचला होता. परंतु वर जायचे तर पायी, घोड्यावरून किंवा पालखीतूनच जावे लागे. ही अडचण मुंबईचे दानशूर व्यापारी सर आदमजी पीरभाई यांच्या कुटुंबाने दूर केली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम हाती घेतले, सुमारे १६ लाख रुपये खर्च केले आणि १९०७ साली डोंगरावर आगगाडी नेली.

या लोहमार्गाची रचना समजून घेण्यासारखी आहे. नेरळहून माथेरानला जाताना सुमारे ७५० मीटर चढावे लागते. गुळगुळीत रुळांवर गुळगुळीत चाके धावतात. चढ फार तीव्र असेल तर ती जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून या मार्गावर २० मीटर अंतरात १ मीटर, याहून अधिक चढ ठेवलेला नाही. आता गणित करून पाहा. या प्रमाणाने ७५० मीटर चढण्यास निदान १५ किलोमीटर लांबीचा रूळ हवा. वळणांवर चढ सौम्य ठेवावा लागतो, स्थानकांसाठी सपाटी लागते. त्यामुळे प्रत्यक्षात मार्ग सुमारे २० किलोमीटर लांब झाला आहे. डोंगराच्या कुशीत तो नागासारखी वळणे घेत जातो. इतकी आखूड वळणे घेता यावीत, म्हणून दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट ठेवले आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत ही चिमुकली गाडी दोन-अडीच तासांत वर पोहोचते.

मोटारीचा रस्ता मात्र दस्तुरी नाक्यावर संपतो. तेथून पुढे गावात मोटारींना बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, त्यामुळे या बंदीला अधिक बळ आले. जांभळाची, हिरड्याची गर्द सावली, तांबड्या मातीच्या वाटा आणि पाखरांचा आवाज येथे अजून टिकून आहे, त्यामागे या बंदीचा वाटा मोठा आहे. परदेशांतही अशी उदाहरणे आहेत. स्वित्झर्लंडमधील झरमाट या गावी जाणारे प्रवासी आपल्या मोटारी पाच किलोमीटर अलीकडे ठेवून आगगाडीने जातात. फ्रान्सच्या दक्षिण सीमेवरील पिरेनीज पर्वतात तर पिवळ्या रंगाची एक छोटी आगगाडी खेड्याखेड्यांतून सुमारे ६३ किलोमीटर धावते. तिच्या काही लहान स्थानकांवर प्रवाशाने हात केला, तरच ती थांबते.

अशा प्रवासाचा आराखडा कसा करावा? पहिली गोष्ट म्हणजे मार्ग निश्चित करणे. मुलुंड व घाटकोपर ही मध्य रेल्वेवरील स्थानके. तेथून नेरळला थेट लोकल मिळू शकते. अंधेरी व बोरिवली पश्चिम रेल्वेवर आहेत. तेथील प्रवाशांनी दादरला गाडी बदलावी. अथवा २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरीहून घाटकोपर गाठावे. मध्य रेल्वेवर गाडीचे अंतिम स्थानक वाचल्यावाचून डब्यात पाऊल ठेवू नये. कल्याणच्या पुढे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. कसाऱ्याची गाडी दुसऱ्याच दिशेला जाते, आणि बदलापूरची गाडी नेरळच्या अलीकडेच थांबते. आपल्याला कर्जतची किंवा खोपोलीची गाडी हवी.

दुसरी गोष्ट ऋतू व वार पाहणे. पावसाळ्यात दरडी कोसळण्याचे भय असल्याने नेरळ ते अमन लॉज हा डोंगरातील मार्ग बंद ठेवतात; त्या काळात गाडी फक्त अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यात चालते. २००५ आणि २०१९ च्या अतिवृष्टीत तर मार्गाची इतकी हानी झाली, की तो पूर्ववत होण्यास वर्षे लागली. दुसऱ्या खेपेस संपूर्ण मार्ग खुला होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला. शिवाय रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी उपनगरी मार्गावर मेगाब्लॉक असतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ताजे वेळापत्रक अवश्य पाहावे. डोंगरातील गाडीला डबे थोडे आणि फेऱ्याही मोजक्या. तेव्हा नेरळला लवकर पोहोचावे.

तिसरी गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मी शिक्षक असताना अडतीस विद्यार्थ्यांना घेऊन माथेरानला गेलो होतो. जाण्याच्या गाड्यांच्या वेळा मी मिनिटामिनिटाने टिपून ठेवल्या होत्या. परतीचे मात्र "संध्याकाळी निघू" एवढेच ठरविले होते. आम्ही रमतगमत स्थानकावर आलो, तेव्हा शेवटची गाडी निघून गेली होती. अखेर सर्वजण पायी डोंगर उतरलो. वाटेत अंधार पडला. आमच्याजवळ तीनच विजेऱ्या होत्या. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले, दर वळणावर आम्ही मुले मोजली. रात्री उशिरा उपनगरातील स्थानकावर उतरलो, तेव्हा फलाटावर मुलांच्या आया उभ्या होत्या. त्या काळी कोणाजवळ मोबाइल नव्हता. त्यांपैकी एकही मला काही बोलली नाही. पण त्यांचे चेहरे मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून मी सहलीचा हिशोब शेवटाकडून मांडतो. समजा, रात्री आठ वाजता बोरिवलीला घरी पोहोचायचे आहे. अंधेरी ते बोरिवली अर्धा तास, मेट्रोचा अर्धा तास, नेरळ ते घाटकोपर दीड तास, डोंगर उतरण्यास दोन तास आणि गाड्या बदलताना वाट पाहण्याचा निदान अर्धा तास. हे पाच तास झाले. म्हणजे दुपारी तीनच्या आत माथेरान सोडले पाहिजे. दुपारी बारा वाजता वर पोहोचलो, तर हाती जेमतेम तीन तास राहतात. तेवढ्यात शार्लट तलाव, लुइझा पॉइंट आणि पॅनोरमा पॉइंट यांपैकी सारे काही पाहण्याचा हव्यास धरू नये. एकच ठिकाण निवांत पाहावे, नाही तर एक रात्र मुक्काम करावा. सामान आपल्याला स्वतः उचलता येईल एवढेच घ्यावे.

सामानाचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार नाही, म्हणजे श्रम नाहीत असे नव्हे. ते श्रम कोणी तरी करतच असतो. माथेरानला अनेक वर्षे माणसांना बसवून हातरिक्षा ओढण्याचे काम माणसेच करीत आली. २०२२ च्या अखेरीस तेथे प्रायोगिक तत्त्वावर विजेवर चालणाऱ्या रिक्षा सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. रानही राहावे आणि माणसाचे माणूसपणही राहावे, ही दोन्ही कर्तव्ये सारखीच महत्त्वाची आहेत. ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनी तेथे चालावे, हे उत्तम.

मोटारीने जाणारा आपल्या सोयीने निघतो आणि आपल्या सोयीने परततो. आगगाडीने जाणाऱ्याला मात्र गाडीची वेळ, पावसाचा ऋतू, डोंगराचा चढ आणि सोबत्यांची चाल, या सर्वांशी जुळवून घ्यावे लागते. त्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते आणि पुष्कळ धीर लागतो. हे दोन गुण शिदोरीबरोबर बांधून घेतले, म्हणजे सहल सुखाची होते. आणि घरी वाट पाहणारी माणसेही निश्चिंत राहतात.