दारात मिठागर, अंगात थकवा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं ओळीनं येतात. खाडी, खाजण, भातशेती आणि मिठागरं हा इथला जुना संसार. आगरी कुटुंबांनी पावसाळ्यात भात पिकवला आणि पाऊस सरला की मीठ. पुढे उत्तनला कोळीवाडा, म्हणजे ताटातल्या मासळीलाही तोटा नाही. अशा राईत एखाद्या बाईचा थायरॉईडचा रिपोर्ट बिघडलेला आला, तर घरच्यांना कोडं पडणं साहजिक आहे. मीठ दारात, मासळी ताटात, मग आयोडीन कमी पडलं कसं?

या प्रश्नात दोन गैरसमज आहेत. एक मिठाबद्दलचा, दुसरा थायरॉईडबद्दलचा.

आधी मीठ पाहू. मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत आटवतात. ऊन-वाऱ्यानं ते दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात खडे धरतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात आयोडीन असतं जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम. किलोभर मीठ मिळवायला साधारण ३५ लिटर पाणी आटवावं लागतं. म्हणजे त्यातलं सगळं आयोडीन मिठात उतरलं, तरी हिशेब किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपासच राहतो. प्रत्यक्षात तेवढंही उतरत नाही, कारण मीठ धरताना आयोडीन बहुतेक उरलेल्या पाण्यातच राहतं. घरात पोचलेल्या मिठात मात्र किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं, असा आपल्याकडचा नियम आहे. ते कारखान्यात पोटॅशियम आयोडेट फवारून मिसळावं लागतं. गावच्या आगरातलं जाडं मीठ चवीला कितीही खरं असलं, तरी आयोडीनच्या बाबतीत कोरडंच. आशाताईंकडे मीठ तपासायची छोटी बाटली असते. तिच्यातल्या द्रावणाचा थेंब आयोडीनयुक्त मिठावर पडला की ते जांभळं-निळं होतं. साधं मीठ पांढरंच राहतं.

मिठात आयोडीन घालायची कल्पना भारतात सिद्ध झाली ती हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून तिथले तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनचं मीठ दिलं, एकाला साधं. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतला गलगंड घटला, तिसऱ्यात तसाच राहिला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे साधं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली, ती २००० मध्ये उठवली गेली आणि १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली.

आता दुसरा गैरसमज. बहुतेक घरांत आयोडीनचं मीठ पोचलं, तरी थायरॉईडचे रुग्ण संपले नाहीत. कारण आज प्रौढांमध्ये दिसणाऱ्या मंद थायरॉईडचं मुख्य कारण आयोडीनची कमतरता हे नाहीच. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. आजही तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११ टक्के लोकांचा थायरॉईड मंद निघाला आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. किनाऱ्यावरच्या शहरांत हे प्रमाण साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होतं, आतल्या भागातल्या शहरांत पावणेबारा. समुद्र जवळ असल्यानं फरक पडला, पण सुटका झाली नाही.

थायरॉईड मंदावला की बाई सहसा डॉक्टरांना ‘मला थायरॉईड झालाय’ असं सांगत नाही. ती म्हणते, अंग मोडून येतं, हातापायात त्राण नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात, सकाळी बोटं आखडतात. थायरॉईड ग्रंथीचा संप्रेरक प्रत्येक पेशीची ऊर्जा वापरण्याची गती ठरवतो. तो कमी पडला की स्नायू सैल व्हायला वेळ लावतात आणि दुखतात. मनगटातली नस दबून हाताला मुंग्या येतात. जोडीला थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, वजन थोडं वाढतं, पाळीत रक्तस्राव जास्त होतो.

पण नेमकी हीच गाऱ्हाणी रक्त कमी असलेली बाईही सांगते, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी असलेलीही सांगते. घोळ होतो तो इथे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आधीच्या फेरीत तो आकडा ४८ होता. शिवाय हिमोग्लोबिन घसरण्याआधीच शरीरातला लोहाचा साठा आटलेला असतो. अशा बाईचा हिमोग्लोबिनचा आकडा ठीक दिसतो आणि थकवा मात्र खरा असतो. तो साठा कळतो फेरिटिन या तपासणीतून.

बी-१२ चं चित्र पुण्यात स्पष्ट झालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ६७ टक्के जणांमध्ये बी-१२ कमी होतं. सर्वांत वाईट स्थिती खात्यापित्या शहरी मध्यमवर्गाची होती: ८१ टक्के. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मासळी, मांस यांतून, भाज्यांतून नाही. राईसारख्या गावात सुकट-बोंबलांमुळे हा धोका कमी असायला हवा. पण मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर मासळी खाऊनही बी-१२ घटू शकतं. ड जीवनसत्त्वाचं दुखणं हाडांत बसतं. नडग्या, कंबर, बरगड्या दाबल्या की दुखतात आणि जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो. मिठागरात दिवस काढलेल्या पिढीला ऊन हवं तेवढं मिळालं. त्यांच्या इमारतीत राहणाऱ्या नाती सकाळी लोकल पकडतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात.

या कमतरता एकेकट्याही राहत नाहीत. थायरॉईडचा संप्रेरक तयार करणाऱ्या विकराला लोह लागतं. लोह कमी असेल तर ग्रंथीचं कामही रेंगाळतं. उलट थायरॉईड मंद असेल तर पाळीत रक्त जास्त जातं आणि लोह आणखी घटतं. ज्यांची प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते, त्यांच्यापैकी काहींच्या जठरावरही ती उलटते आणि बी-१२ शोषलं जाईनासं होतं. म्हणून एका आजाराचं नाव सापडलं की शोध थांबवणं महागात पडतं.

‘बाळंतपणात रक्त कमी व्हायचंच’ असं म्हणून सोडून देण्याच्या काळात मुंबईनं शोध न थांबवण्याचा एक धडा जगाला दिला होता. ल्यूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचा तीव्र रक्तक्षय तपासू लागल्या. जंतुसंसर्ग हे कारण ठरेना, तेव्हा त्यांनी आहाराकडे लक्ष वळवलं. यीस्टचा अर्क असलेल्या स्वस्त मार्माइटनं या बायका सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला अनोळखी घटक पुढे फोलिक अॅसिड ठरला. आज तो गरोदरपणातल्या लोहाच्या गोळीसोबत दिला जातो.

निदान झाल्यावरची चूक बहुतेकदा गोळ्यांच्या वेळेची असते. मंद थायरॉईडसाठी दिलेली थायरॉक्सिनची गोळी उठल्याउठल्या उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासानं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घेतली तर थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही. मध्ये चार तासांचं अंतर लागतं. लोहाची गोळी चहाबरोबर वाया जाते, लिंबूपाण्याबरोबर कामी येते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या थायरॉईडच्या काही चाचण्यांचे आकडेच फिरवतात, म्हणून रक्त देण्याआधी त्या चालू असल्याचं सांगावं.

थायरॉक्सिन सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी पुन्हा करायची ती सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधीचा आकडा फसवा असतो. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी लोह साधारण तीन महिने चालू ठेवतात. आणि हे सगळे आकडे जागेवर येऊनही अंग दुखत राहिलं, तर चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी, संधिवात, मधुमेह, अपुरी झोप आणि नैराश्य यांची चौकशी बाकी असते. थायरॉईडची मात्रा आपल्या मनानं वाढवणं हा त्यावरचा उपाय नाही. त्यानं छातीत धडधड सुरू होते आणि हाडं ठिसूळ होतात.