कब्बन पार्कातली गाळणी

मे २०१५ मध्ये बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावावरचा फेस पेटला आणि पाण्याला आग लागतेच कशी, याची चर्चा देशभर झाली. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथे पुन्हा आगी लागल्या. आगीच्या बातम्या झाल्या. पण तलावाचा रोजचा ऱ्हास जलपर्णीखाली चालू होता. मैल्यातला नायट्रोजन आणि मैल्यातला, डिटर्जंटमधला फॉस्फरस शेतात पिकाला पोसतात. सांडपाण्याबरोबर तलावात आले की मात्र त्यांच्यावर जलपर्णी आणि शेवाळ फोफावतं. ते कुजू लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात.

तलावात पोचण्याआधीच ही द्रव्यं अडवण्याचा एक मार्ग शहराच्या मध्यावर आहे. १८७० साली वसवलेल्या कब्बन पार्कात जलमंडळाने रोज १५ लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारा मेंब्रेनचा, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याचा, प्रकल्प उभारला. त्याचं पाणी बागेला मिळतं. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणणाऱ्या शहरात ही बचत मोठी आहे.

सांडपाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मेंब्रेनची छिद्रं साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असतात. जिवाणू त्यातून जात नाहीत.

विरघळलेला अमोनिया आणि फॉस्फेट मात्र सहज पार होतात. मग मेंब्रेनचा उपयोग काय? खरं काम जिवाणू करतात. हवा सोडलेल्या टाकीत एक गट अमोनियाचं नायट्रेट करतो; प्राणवायू नसलेल्या टाकीत दुसरा गट नायट्रेट फोडतो आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. पहिल्या गटाची वाढ फार संथ. निवळण्याच्या जुन्या टाक्यांमधून तो गाळाबरोबर वाहून जाण्याची भीती असते. मेंब्रेन त्याला टाकीतच धरून ठेवतं. फॉस्फरससाठी तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालतात. त्याचे न विरघळणारे कण होतात आणि तेही मेंब्रेनपाशी अडतात.

याची किंमत विजेत मोजावी लागते. मेंब्रेनवर गाळ चिकटू नये म्हणून खालून सतत हवा सोडावी लागते, अधूनमधून हायपोक्लोराइट आणि सायट्रिक आम्लाने धुवावं लागतं. बेंगळुरूच्या अनेक गृहसंकुलांना स्वतःचा सांडपाणी प्रकल्प चालवावा लागतो. तिथे विजेचं बिल वाचवायला हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला, तर मेंब्रेनमधून येणारं पाणी काही काळ नितळच दिसतं, पण अमोनिया त्यात तसाच असतो. म्हणून प्रकल्पाची परीक्षा प्रयोगशाळेतच व्हायला हवी. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी लिटरमागे एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ मिलिग्रॅम अशी मर्यादा घालून दिली.

बेंगळुरूबाहेरही ही मर्यादा महत्त्वाची आहे. २०१८ पासून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी दुष्काळी कोलार जिल्ह्यातले तलाव भरतं आहे. आसपासच्या विहिरींत मुरतं ते हेच पाणी, आणि त्यात किती नायट्रेट असेल, हे बेंगळुरूतल्या टाक्यांमध्ये ठरतं.