मूलपेशी : आशा आणि विवेक

घरातील कर्ता पुरुष अर्धांगवायूने अंथरुणास खिळला, किंवा मेंदूच्या विकाराने लेकराची वाढ खुंटली, म्हणजे त्या कुटुंबावर केवढा आघात होतो हे खेड्यातील माणसास सांगावयास नको. अशा वेळी मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे रुग्णास घेऊन हैदराबादची वाट धरतात. अलीकडे त्यांच्या कानी एक नवा शब्द पडू लागला आहे : मूलपेशी, म्हणजेच ‘स्टेम सेल’. या उपचाराने मेंदू पूर्ववत होतो असे कोणी सांगतो, आणि शेत गहाण टाकण्याचा विचार मनात येतो. म्हणून यात सिद्ध झालेले किती आणि व्हावयाचे किती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ज्या पेशीपासून शरीराच्या इतर पेशी निपजतात ती मूलपेशी. तिच्या उपयोगाचा उत्तम दाखला हैदराबादेतच आहे. डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी 1987 साली स्थापिलेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत चुन्याने अथवा तेजाबाने भाजलेल्या डोळ्यांवर 2001 सालापासून मूलपेशींचे रोपण होत आले आहे. तेथील डॉ. वीरेंद्र सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. निरोगी डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण भाजलेल्या डोळ्यावर मांडतात. त्यांच्याखाली अंथरलेला पातळ पडदा बाळंतपणात वारेबरोबर बाहेर पडलेला असतो, आणि तो दाह शमवितो.

मेंदूचे प्रकरण मात्र याहून निराळे आहे. मेंदूत राखणदार पेशी असतात. स्पेनमधील वैद्य पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1919 साली त्यांची ओळख पटविली. इजा होताच त्या जाग्या होतात, घाण साफ करितात व दाह उत्पन्न करितात. हा दाह उपकारकच असतो. परंतु चोर पळाल्यावरही राखणदार काठी फिरवीत राहिला, तर घरातलीच मडकी फुटावयाची! लांबलेल्या दाहाने मेंदूच्या चांगल्या पेशींचीही हानी होते.

अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून घेतलेल्या मूलपेशी मेंदूत जाऊन तेथे नवा मेंदू घडवितील, अशी प्रारंभी अपेक्षा होती. परंतु शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसातच अडकतात असे दिसून आले. तरीही प्रयोगातील प्राण्यांस गुण आलेला दिसला. मग हे घडले कसे? या पेशी जे रस स्रवतात व ज्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात, त्यांतील द्रव्ये दाह चेतविणाऱ्या पेशींस शांत करीत असावीत, असे शास्त्रज्ञ मानू लागले. अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन यांनीच 1991 साली या पेशींस प्रचलित नाव दिले होते. 2017 साली त्यांनीच ते बदलावे असे सुचविले. ही पेशी गवंडी नसून औषधाचा निरोप पोहोचविणारी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

प्राण्यांस लाभले ते माणसास लाभेलच असे नाही. आपल्याच देशात पाच रुग्णालयांत अर्धांगवायूच्या 120 रुग्णांवर अस्थिमज्जेतील पेशींची चाचणी झाली. 2014 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : उपचार निर्धोक ठरला, परंतु तो न घेतलेल्यांपेक्षा अधिक गुण आढळला नाही. शुद्ध स्रावांवरील संशोधन तर त्याहून नवे आहे.

ख्रिस्तसभा या संशोधनाच्या आड येते असा काहींचा समज आहे. तो यथार्थ नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2000 साली रोम येथे आणि धर्मसिद्धांत मंडळाने 2008 सालच्या ‘डिग्निटास पर्सोनाए’ या पत्रकात भेद स्पष्ट केला आहे. प्रौढ माणसाच्या शरीरातून त्यास गंभीर अपाय न करिता घेतलेल्या, किंवा जन्मसमयी नाळेच्या रक्तातून मिळविलेल्या पेशी वापरणे योग्य आहे. मानवी गर्भबीजाचा जीव घेऊन पेशी मिळविणे मात्र निषिद्ध होय. एकाचे दुखणे दुसऱ्याच्या जिवाच्या मोलाने दूर करावयाचे नसते.

आपल्या देशाच्या 2017 सालच्या मार्गदर्शक नियमांनुसार रक्ताच्या काही विकारांतील रोपण ही मान्य चिकित्सा आहे. मेंदूच्या विकारांसाठी मात्र मूलपेशी केवळ मंजूर चाचणीतच देता येतात. तेव्हा कोणी असा उपचार सुचविल्यास विचारावे : ही चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदली आहे काय? नैतिक समितीची संमती आहे काय? आणि पैसे कशाचे मागता?

एक गोष्ट मात्र आजच हाती आहे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा अडखळणे, यांपैकी काहीही दिसताच रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गाठ विरघळविण्याचे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

शुभवर्तमानातील भल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूच्या घावांवर तेल व द्राक्षारस ओतला, आणि खाणावळवाल्यास पैसे दिले ते आपल्या पदरचे. संशोधकांच्या हातून दाह शमविणारे तेल एके दिवशी खरोखर लाभो, अशी प्रार्थना आपण अवश्य करावी. तोवर जो जखमीच्याच कनवटीला हात घालतो, त्याला शोमरोनी समजू नये.