भरती-ओहोटी आणि वायफाय

समुद्राला भरती आली की इंटरनेटचा सिग्नल बदलतो, असं कुणी सांगितलं तर तुम्हाला खरं वाटेल का? स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हे चक्क मोजून पाहिलेलं आहे.

तिथे लॉख हूर्न नावाची खाडी आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, अरुंद रस्ते आणि लांब लांब विखुरलेली थोडीशी घरं. अशा ठिकाणी केबल टाकणं कंपन्यांना परवडत नाही. मग माणसांनी काय करायचं? मुलांचा अभ्यास, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, दुकानाचा हिशोब, सगळंच अडतं. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास इथल्या लोकांना सोबत घेऊन 'तेगोला' नावाचं बिनतारी जाळं उभारलं. इंटरनेट आणलं ते समोरच्या स्काय बेटावरच्या गेलिक भाषेच्या कॉलेजातून! (आपल्यासारखीच भाषेची शाळा. मला ही गोष्ट फार आवडते.) उंच जागी खांब रोवले, त्यांवर अँटेना बसवल्या. वीज नव्हती तिथे सूर्य आणि वारा कामाला लावले. सिग्नल पाण्यावरून कित्येक किलोमीटर जायचा.

पण तो दिवसभर सारखा राहीना. कधी जोरदार, कधी अगदी मलूल. पाऊस नाही, वादळ नाही, मग का? कारण खाली होतं, पाण्यात.

अँटेनातून निघालेली रेडिओ लहर एकाच वाटेने जात नाही. एक भाग सरळ समोरच्या अँटेनाकडे जातो. दुसरा भाग पाण्यावर आपटतो आणि उडी मारून तिथेच पोचतो, पाण्यावर सपाट दगड फेकला की तो टप्पा घेऊन पुढे जातो ना, तसा. म्हणजे एकाच सिग्नलच्या दोन प्रती येतात. दोघींची शिखरं जुळली तर सिग्नल वाढतो. एकीचं शिखर आणि दुसरीचा खळगा एकत्र आले तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. या लहरींची लांबी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर असते, त्यामुळे दोन वाटांच्या लांबीत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडला तरी सगळं उलटं होतं. भरती-ओहोटीत तर तिथलं पाणी काही मीटर वर-खाली होतं! पाणी चढलं की दुसरी वाट बदलते, आणि सिग्नलही.

यावर एक सोपा उपाय असतो. एकाच खांबावर वेगवेगळ्या उंचीवर दोन अँटेना लावायच्या. एकीचा सिग्नल पडला, तरी दुसरीचा बहुधा शाबूत असतो. घरातल्या राउटरला दोन-तीन 'शिंगं' असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

घरात समुद्र नाही, पण भिंती आहेत. फ्रिज, आरसा, आणि थंडी अडवायला भिंतीत घातलेलं चकचकीत फॉइल, या सगळ्यांवरून लहरी परततात. पाणी त्यांना शोषून घेतं, म्हणून राउटरसमोर माशांची टाकी ठेवू नका. माणसाच्या अंगातही भरपूर पाणी असतं, हे विसरू नका. मायक्रोवेव्ह ओव्हन तर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायच्याच पट्ट्यात चालतो. आजीशी व्हिडिओ कॉल चालू असताना कुणी भात गरम करायला ठेवला की आजी तोंड उघडी ठेवून थिजते, ते यामुळेही असू शकतं.

आणखी एक गंमत. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, असा वायफायचा नियम आहे. बाकीचे थांबतात. आता वरच्या खोलीतल्या फोनला सिग्नल कमी मिळतो, म्हणून तो हळूहळू बोलतो आणि हवा जास्त वेळ अडवून ठेवतो. मग राउटरजवळ बसलेल्या ताईचा लॅपटॉपही रखडतो. ताईला वाटतं, लॅपटॉपच बिघडलाय.

करून पाहा: घरातली सगळ्यात 'मंद' जागा शोधा. तिथे इंटरनेटचा वेग मोजा आणि वहीत लिहा. मग लॅपटॉप एक वीत बाजूला सरकवून पुन्हा मोजा. असं पाच वेळा करा. आकडे सारखे येतात का?